होडीला दुसरी छोटी मोटर: सावकाश गळ ओढायला इलेक्ट्रिक घ्यावी की पेट्रोल?

पैठणी_गळ
आधी माहिती देतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको. होडी फायबरची, १६ फुटी, रिकामी साधारण १९० किलो. मागची फळी ४० मिमी जाड, आखूड शाफ्टची म्हणजे १५ इंची. इंजिन १५ एचपी टू-स्ट्रोक. होडीत दोन माणसं. पाणी मुख्यतः नाथसागर (पैठणचं जायकवाडी धरण), अधूनमधून माजलगाव धरण. मच्छीमार संस्थेची परवानगी हातात आहे.

शिवड्यासाठी (धरणातला शिकारी मासा) गळ ओढत न्यायचा तर वेग ताशी ३ ते ४ किलोमीटर हवा. इंजिन गिअरमध्ये टाकून थ्रॉटल पूर्ण बंद ठेवलं तरी होडी ५.५ ने पळते. वर प्लग काळे होतात ते वेगळंच. म्हणून दुसरी छोटी मोटर लावायचा विचार आहे. एक पर्याय १२ व्होल्टची ५५ पौंडी इलेक्ट्रिक, दुसरा अडीच एचपीचं फोर-स्ट्रोक पेट्रोल. किती जोर लागेल, मोटर कुठं बसवावी, बॅटरी कोणती? "बिनधास्त घ्या" असली उत्तरं नकोत, आकडे द्या.

धरणकाठ
मोटरीच्या आधी दोन बादल्या घ्या. थट्टा नाही ही. १५ लिटरच्या दोन बादल्या, किंवा ताडपत्रीची नरसाळ्यासारखी पिशवी शिवून, होडीच्या मध्यापासून थोडं पुढं दोन्ही बाजूंना एकेक सोडायची. ५.५ चा वेग सहज ४ वर येतो. दोरी इतकीच ठेवा की बादली इंजिनपर्यंत पोचणारच नाही. मागच्या फळीला बांधली तर वळताना दोरी पंख्यात गेलीच म्हणून समजा. कडीवर भरवसा नको, साध्या बादलीची कडी पहिल्या तासातच उपटते. तळाला बोटभर भोक पाडून दोरी तिथूनही घ्या.

स्पार्क_प्लग
बादलीनं वेग कमी होईल, प्लगचं दुखणं तसंच राहील. इंजिन त्याच मंद फेऱ्यांवर चालणार ना. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर आत जातं. मंद चालीत प्लगचं टोक पुरेसं तापत नाही, ऑइल जळायचं राहतं, काजळी साचते आणि ठिणगी काजळीतूनच निसटते. यावर कोणी "गरम" नंबरचा प्लग टाकायला सांगतं. तो टाकून परतीला पूर्ण थ्रॉटल दिलात तर पिस्टनचं डोकं वितळायची वेळ येते. मंद चालवायचंच असेल तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटं अर्ध्या थ्रॉटलवर पळवा आणि ऑइलचं प्रमाण कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा. "इंजिनाला बरं असतंय" म्हणून मूठभर जास्त ऑइल घालायची आपल्याकडची सवय इथं उलटी बसते.

दुसरी मोटर लावायचं खरं कारण हेच आहे. वेगाचा प्रश्न त्याच्या मागून.

अँपिअर_भौ
आकडे मागितलेत, घ्या.

आधी वजन. होडी १९०, इंजिन ३८, दोन माणसं १४०, पेट्रोल-सामान ४०, बॅटरी आणि मोटर मिळून ४०. एकूण ४५० च्या आत. ढोबळ हिशेब असा की दर ४५ किलोला २ पौंड जोर, म्हणजे २० पौंड. हा हिशेब संथ पाण्याचा. वारा, लाटा आणि ओढत नेलेले गळ धरून दुप्पट करा, ४० पौंड. ४० ला पुरतं म्हणून ४० ची घेऊ नका, ५५ ची घ्या. मोठी मोटर अर्ध्या वेगावर थंड चालते आणि हाताशी थोडं शिल्लक राहतं. १२ व्होल्टवर ५५ पौंड ही जवळजवळ शेवटची पायरी. ८० पौंडाला २४ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन बॅटऱ्या. या होडीला ते ओझं कशाला?

विजेचा हिशेब. ५५ पौंडी मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअर खाते. ५० गुणिले १२, ६०० वॉट. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, तेव्हा पूर्ण जोरातसुद्धा ही मोटर एक एचपीच्या खालीच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं वाद होणार आहे.

आता महत्त्वाचं. पाच पायऱ्यांची मोटर घेऊ नका. तिच्यात कमी वेग प्रतिरोधानं मिळतो, उरलेली वीज उष्णता होऊन जाते. बिनपायऱ्यांची, जिचा वेग हळूहळू फिरवता येतो, ती वीज तुकड्यातुकड्यांनी सोडते. ३.५ किमीच्या वेगाला, वारा नसताना, ती १२ ते १८ अँपिअरवर भागवते. त्याच वेगाला पायऱ्यांची मोटर २० च्या पुढं जाते. खरेदीला थोडे पैसे जास्त लागतात, ते बॅटरीत वसूल होतात.

मांजरा_तीर
आम्ही लातूरवाले हा धागा नुसता वाचायलोत. आधी पाणी दाखवा, मग मोटर बघू. २०१६ मध्ये आमच्याकडं पाणी रेल्वेनं आलं होतं, मासे काय डब्यात ओढायचे का?

धरणकाठ
@मांजरा_तीर टँकरला गळ लावून बघा, ट्रोलिंगच (चालत्या होडीमागं गळ ओढणं) आहे ते. वेग मात्र ताशी ४० राहील.

वारं_बघून
@अँपिअर_भौ हिशेब ठीक, पण नाथसागराचा वारा त्यात पुरता आला नाही. लांबी पन्नास किलोमीटरच्या वर, रुंदी काही ठिकाणी पंचवीसच्या पुढं आणि खोली त्या मानानं कमी. वाऱ्याला मोकळं मैदान आणि खाली उथळ पाणी, त्यामुळं लाट आखूड आणि उभी उठते. समुद्राच्या लाटेसारखी झुलवत नाही, आपटते.

वाऱ्याचा जोर मोजता येतो. दोन माणसांसकट होडी समोरून साधारण दीड चौरस मीटर, आडवी धरली तर चार. ताशी २५ किमी वारा असेल तर समोरून ४ किलोचा रेटा, आडवा ११ किलो. ४० चा वारा सुटला तर समोरून ११ आणि आडवा जवळजवळ २९ किलो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ५५ पौंड म्हणजे २५ किलो, तोही होडी दोरानं बांधून जागेवर उभी असताना. होडी चालायला लागली की पंख्याचा जोर आणखी उतरतो. म्हणजे ४० च्या वाऱ्यात होडी आडवी झाली तर मोटर हरली. तोंड वाऱ्याकडं ठेवता आलं तरच काही आशा.

म्हणून इलेक्ट्रिक गळासाठी घ्या, घरी यायला इंजिन. आणि वल्ही होडीतच. "मोटर आहे की, वल्ही काहाला" म्हणून ती गोठ्यात ठेवणारे लै आहेत.

चार_स्ट्रोक
मग मधला फाटा कशाला? सरळ अडीच एचपी पेट्रोल घ्या. जवळपास १८६० वॉट, इलेक्ट्रिकच्या तिप्पट. वजन १३ ते १८ किलो, त्यात बॅटरीची भानगड नाही. पूर्ण थ्रॉटलला ताशी लिटरभर पेट्रोल, गळाच्या वेगाला त्याच्या निम्म्याच्या आत. पाच लिटरचा डबा दिवसभर पुरतो. मोठं इंजिन बंद पडलं तरी हे काठाला आणतं. इलेक्ट्रिकवाल्यांनी हे करून दाखवावं.

अँपिअर_भौ
वाद होणार म्हटलं होतं ना. @चार_स्ट्रोक, काठाला आणतं हे मान्य. पण दोन गोष्टी तुम्ही गिळल्या. एक, लहान पेट्रोल मोटरीचा सगळ्यात मंद वेगही हलक्या होडीला ४ च्या आसपास नेतो, त्याच्या खाली ती थरथरते. दोन, आवाज. उथळ पाण्यात शिवडा दोन-तीन मीटरवर असतो.

चार_स्ट्रोक
शिवड्याला आवाजाचं वावडं असतं तर मोठ्या इंजिनामागं एकही लागला नसता. उलट मागच्या फेसाच्या कडेला येऊन घेतो. ३० मीटर दोर मागं असेल तर पुढं काय वाजतंय याचं त्याला काय?

मात्र एक माझ्या बाजूचीच अडचण सांगतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं. महिनाभर टाकीत तसंच राहिलं तर कार्ब्युरेटरच्या जेटला (पेट्रोल येतं त्या बारीक भोकाला) चिकटा धरतो आणि लहान मोटरीचा जेट सुईच्या टोकाएवढा. दिवस संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून मोटर स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेलं काढा. दोन मिनिटांचं काम. ते न केल्यामुळं "मोटर खराब निघाली" म्हणणारे पुष्कळ.

जुगाडू_जिंतूर
गवत कापायच्या ५२ सीसी मशीनला पंख्याचा दांडा मिळतो ऑनलाइन. मशीन तर शेतात पडूनच असतंय. तेच लावावं की, कामून एवढा खर्च?

स्पार्क_प्लग
@जुगाडू_जिंतूर येलदरीच्या काठानं दोन-चार फेऱ्या मारायच्या तर होईल, गळ ओढायला नाही. त्या मशीनचा क्लच फेऱ्या वाढल्यावर बाहेर फेकून धरणारा. साधारण ३००० च्या पुढं फेऱ्या गेल्या की धरतो. सावकाश चालवायचं म्हणजे त्याला बरोबर धरू-की-सोडू अशा जागी ठेवायचं, तिथं तो घासून जळतो. वास आला की समजायचं. मशीन हवेनं थंड होणारं, मंद चालीत पंख्याची हवा अपुरी. उलटा गिअर नाही. आणि आवाज असा की @अँपिअर_भौंचा शिवडा थेट सिद्धेश्वरला जाऊन बसेल.

जुगाडू_जिंतूर
धरणाची भिंत कशी ओलांडायचा?

स्पार्क_प्लग
तुमच्या मशीनच्या आवाजानं गेट आपोआप उघडतील.

कोकणातून
मागची फळी, मागची फळी काय लावलंय. पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. आणि इलेक्ट्रिक मोटर बसवायची खरी जागा नाळच. मागून ढकललेली होडी वाऱ्यात तोंड फिरवते, पुढून ओढलेली सरळ जाते. बैल गाडीच्या पुढं जुंपतात, मागं नाही.

वारं_बघून
तत्त्व बरोबर, होडी चूक. आपल्याकडच्या फायबर होड्यांचं पुढचं टोक निमुळतं आणि वर डेकच नसतो. मोटरीचा पाया टेकवायला सपाट जागा नाही. आडवी फळी टाकून एका कुशीला लावली तर होडी कायम एका अंगाला वळत राहते. पुढं बसवायची तर १२ मिमी प्लायचा त्रिकोणी डेक फायबरनं लिंपून करावा लागतो, वर लाट आली की पंखा हवेत. आखूड लाटेत पुढचं टोक मागच्यापेक्षा कितीतरी जास्त उचलतं. नाथसागराला मागंच बरं.

फळी_आणि_बोल्ट
मागं बसवायचं म्हणजे कसं, ते नीट लिहितो, कारण इथंच लोक चुकतात.

मोठं इंजिन मध्यावर आहे, म्हणून छोटी मोटर एका बाजूला, मध्यापासून ३५ ते ४० सेंटीमीटरवर. आधी मोजा: मोठं इंजिन पूर्ण वळवलं आणि वर उचललं, दोन्ही स्थितींत छोट्या मोटरीला लागता कामा नये. काठावर मोजून पाण्यात घातलं की लागतं, कारण काठावर कोणी इंजिन पूर्ण वळवून बघत नाही. चालवणारा उजव्या हातानं दांडा धरत असेल तर मोटर डावीकडं लावा आणि बॅटरी पुढं उजवीकडं सरकवा. मागं एका कोपऱ्यात मोटर, बॅटरी आणि पेट्रोलचा डबा तिन्ही ठेवले तर तो कोपरा पाण्यात बसतो आणि वेगात होडी तिरपी पळते.

इलेक्ट्रिकला दोन क्लॅम्प स्क्रू असतात, भोकं पाडायची गरज नाही. पण फायबरवर थेट आवळू नका, चरे पडतात. बाहेरून-आतून १८ मिमी मरीन प्लायचे तुकडे द्या, कडा इपॉक्सीनं बंद करा. तासाभरानं स्क्रू एकदा पुन्हा आवळा, पहिल्या दिवशी ते सैल होतातच. आणि मोटरीच्या दांड्याला एक दोरी होडीच्या कडीला बांधून ठेवा. दहा मीटर पाण्यात गेलेली मोटर शोधायला जाळं टाकावं लागतं.

पेट्रोलचं ठरलं तर वर-खाली होणारा ब्रॅकेट लागतो. त्याला ८ मिमी स्टेनलेसचे चार बोल्ट आरपार, आतून किमान ६ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी, नायलॉनवाले नट. लाकडी स्क्रूनं ब्रॅकेट लावू नये, थरथरीनं भोक मोठं होतं. बोल्टाच्या भोकाच्या कडांना आधी इपॉक्सी लावून वाळू द्या, मग पॉलियुरेथेन सीलंट भरा. फळीच्या आत प्लाय असतो, त्यात पाणी मुरलं की दोन वर्षांत ती आतून स्पंज होते आणि मोठ्या इंजिनासकट हलायला लागते. सिलिकॉन नको, ते पाण्याखाली सुटतं.

शाफ्टची लांबी: मोटरीची खालची नळी, जिला पंखा असतो ती, पाण्याखाली किमान ३० सेंटीमीटर हवी. तुमच्या फळीचा वरचा काठ पाण्यापासून साधारण २५ सेंटीमीटर असेल. २५ आणि ३० मिळून ५५, क्लॅम्पच्या वर दांड्याला जागा १५. सत्तर झाले. ३० इंची शाफ्ट म्हणजे ७६ सेंटीमीटर, शांत पाण्यात भागतं. लाटेत मागची बाजू उचलली की पंखा वर येऊन फुरफुरतो, हवा ढवळतो आणि जोर जातो. ३६ इंची घ्या.

आणि शेवटचं. बाजूला बसवलेली मोटर होडीला एका बाजूला वळवत राहणार. मोठ्या इंजिनाचा खालचा भाग बंद ठेवून पाण्यातच सोडा, सरळ करून किंचित उलट्या बाजूला वळवून घट्ट करा. सुकाणूचं काम करतो. थोडी ओढ वाढते, पण हाताला आराम मिळतो.

कोकणातून
सुकाणू शब्द वापरलात, बरं वाटलं. आता नाळ पण म्हणा.

तंगूस
बोल्ट-बिल्ट झालं, आता जाळ्याचं ऐका. धरणात रात्री संस्थेच्या लोकांची तंगूसची (नायलॉनच्या बारीक दोऱ्याची) जाळी लागलेली असतात, वर पाण्याच्या बाटल्या नाहीतर थर्माकोलचे तुकडे. पहाटे ती उचलायला चप्पू (लहान नावा) निघतात. त्या रांगेतून गळ ओढत नेला तर गळ जाळ्यात, जाळं पंख्यात. दुसऱ्याची जाळी फाडायची नसतात वो, एका जाळ्यावर एका घराची चूल असतीय. बाटल्यांची ओळ दिसली की पन्नास मीटर लांबून जा, नाहीतर चप्पूवाल्याला हाक मारून विचारा, तो हातानं दाखवतो कुठून जायचं.

तंगूस पंख्याच्या मागं शाफ्टला गुंडाळला की वरून दिसत नसतंय. तो सीलला कापतो, मग मोटरीच्या नळीत पाणी शिरतं. लगेच कै होत नसतंय, महिन्यानं आत गंज आणि मोटर ठप्प. काठाला आलं की नट सोडून पंखा काढायचा, मागं बघायचं, असंल तर कापून काढायचा. पंख्याच्या आरपार एक पिन असते, ती मऊच असते, दगड लागला की मोटर वाचावी म्हणून ती तुटते. तिच्या जागी खिळा ठोकणारे हुशार पण आहेत. त्यांचा पुढं शाफ्ट वाकतो.

अँपिअर_भौ
@तंगूस +१. जादा पिन दोन, जादा नट एक, आणि ते उघडायचा पाना दोरीला बांधलेला. पान्याचं पाण्याशी फार जुळतं.

जलपर्णी आणि पाणगवतात बारीक पात्यांचा, मागं झुकलेल्या कडांचा पंखा मिळतो तो घ्या. विष्णुपुरीला नांदेडकडं तर त्याच्याशिवाय जाऊच नका. साध्या पंख्याला गवत गुंडाळलं की अँपिअर चढतात, वेग उतरतो आणि लोक वेग आणखी वाढवतात. उलट करायचं: थांबा, दोन सेकंद उलटं फिरवा, गवत सुटतं.

पाणथळ_पक्षी
सगळं ठीक, पण जागेचं कोणी बोलत नाही. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. संस्थेची परवानगी मासे धरण्याची, अभयारण्यात वनखात्याचं ऐकावं लागतं, दोन्ही हातात हवेत. हिवाळ्यात उथळ कडांना बदकं, रोहित, कुदळे असतात. गळ ओढायला लोक नेमक्या त्याच कडा धरतात. शिवाय हे छत्रपती संभाजीनगरचं पिण्याचं पाणी. टू-स्ट्रोकचं न जळलेलं ऑइल सरळ त्यात जातं. माझं मत त्यामुळं इलेक्ट्रिकच.

इंजिन बसवलेल्या होडीच्या नोंदणीचंही बघा. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आला आहे.

चार_स्ट्रोक
ऑइलचा मुद्दा टू-स्ट्रोकला लागू, माझ्या फोर-स्ट्रोकला नाही. त्याचं ऑइल वेगळ्या भांड्यात असतं. बाकी मान्य.

पैठणी_गळ
वनखात्याचं पत्र घ्यायचं आहे, ते घेतो. त्याआधी होडी फक्त माजलगावला.

जवळजवळ इलेक्ट्रिककडं झुकलोय, पण मोठं इंजिन सोडणार नाही. आता बॅटरी. ई-रिक्षाची लेड बॅटरी गावात लगेच मिळते. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची घरी आहेच. लिथियम महाग. काय करू?

मांजरा_तीर
घरची इन्व्हर्टर बॅटरी होडीत नेली तर भारनियमनात घरच्यांना काय, गळ देणार?

अँपिअर_भौ
घरची उंच टाकीची ट्यूब्युलर पाण्यासकट पन्नास किलोच्या वर. शिवाय आडवी कलंडली की ॲसिड होडीत. नको.

ई-रिक्षाची १०० ते १३० अँपिअर-तासाची, २५ ते ३० किलो, दररोज खोलवर उतरायला बनवलेली. सुरुवातीला हीच घ्या. दोन गोष्टी मात्र समजून घ्या. बॅटरीवरचा आकडा वीस तासांत सावकाश काढल्यावरचा. २० अँपिअरनं काढाल तर तेवढी मिळत नाही, शंभरची सत्तर-पंच्याहत्तर धरा. आणि लेड अर्ध्याच्या खाली उतरवली की आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणजे १३० च्या बॅटरीचे खात्रीचे ४५-४८ अँपिअर-तास, १५ अँपिअरला तीन तास. गाडीची स्टार्टर बॅटरी तर अजिबात नाही, खोल उतरवली की तिच्या पातळ प्लेटा काही महिन्यांत जातात.

लिथियम फॉस्फेट १०० अँपिअर-तासाची ११ ते १३ किलो, ८५ टक्के वापरता येते, तोच वेग साडेपाच तास. फसगत कुठं होते? आतल्या संरक्षक सर्किटमध्ये. स्वस्त पेटीत ते ५० अँपिअरचं असतं. मोटर पूर्ण वेगात ५० खाते, गवत अडकलं तर त्याहून जास्त. वाऱ्यात तोंड फिरवायला पूर्ण जोर दिला की सर्किट तुटतं आणि मोटर नेमकी त्याच क्षणी बंद. सर्किट किमान १०० अँपिअरचं मागा, विकत घेताना लेखी. दुसरं, लेड बॅटरी उतरताना मोटर हळू होत सांगते. लिथियम शेवटच्या मिनिटापर्यंत ताठ राहते आणि मग खटकन जाते. व्होल्टमीटरवर काहीच कळत नाही. शंट (प्रवाह मोजायची पट्टी) लावून अँपिअर-तास मोजणारा मीटर बसवा. ई-रिक्षाचा लिथियम पॅक ४८ व्होल्टच्या वर्गातला असतो, तो १२ च्या मोटरीला जोडायचा मोह नको.

तार_आणि_पट्टी
बॅटरीवर एवढं आणि तारेवर कोणी काही नाही. बॅटरी पुढं ठेवायला सांगितलीत ना? मग तार चार मीटर जाते, चार मीटर येते. आठ मीटर. ५० अँपिअरला ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत सव्वा व्होल्ट पडतो, म्हणजे साठ वॉट तारेतच गरम होतात. १६ चौरस मिमीत अर्धा व्होल्टही नाही. १६ चीच घ्या, वेल्डिंगची मऊ तार चालते. घरातली अडीच एमएमची तार लावली तर तीन व्होल्ट गेले, वर प्लास्टिक वितळेल.

टोकाला तांब्याचे लग (बोल्टात बसणाऱ्या कड्या), प्रेसनं दाबून. फक्त झाळलेला जोड थरथरीनं झाळ संपते तिथंच तुटतो. वर उष्णतेनं आकसणारी नळी. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभराच्या आत ६० अँपिअरचा ब्रेकर हवाच. सोलरच्या दुकानात ६३ अँपिअरचा डीसी एमसीबी मिळतो, तो चालतो. घरच्या बोर्डाचा एसी एमसीबी नको. डीसीची ठिणगी शून्यावर येत नाही, तो उघडला तरी आतली ज्योत विझत नाही. डीसीवाल्यावर अधिक-उणे लिहिलेलं असतं, उलटं लावलं तरी हाच प्रकार. लेड बॅटरी पेट्रोलच्या डब्याशेजारी बंद पेटीत ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. चार्जिंग काठावर, झाकण उघडून.

जुगाडू_जिंतूर
वर सोलर पॅनल लावला तर? सावली पण होतीय.

वारं_बघून
१०० वॉटचा पॅनल भर दुपारी ५-६ अँपिअर देईल, मोटर १५ खाणार. आणि पॅनल म्हणजे शीड. वर हिशेब दिलाय ना, आडवा ११ किलोचा रेटा? त्यात आणखी भर घाला. पॅनल काठावरच्या झोपडीवर लावा.

पैठणी_गळ
मग असं ठरवतोय. बिनपायऱ्यांची ५५ पौंडी, ३६ इंची शाफ्ट, मागं डावीकडं. ई-रिक्षाची एक बॅटरी पुढं उजवीकडं. १६ ची तार, ६३ चा डीसी ब्रेकर. बारीक पात्यांचा पंखा. वल्ही दोन. अजून काही?

चार_स्ट्रोक
हरलो म्हणत नाही, पण यादी चांगली आहे. एक घाला, मोठ्या इंजिनाचे दोन नवे प्लग डबीत.

धरणकाठ
पहिल्या दिवशी गळ नेऊ नका. मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघत वाऱ्याच्या दिशेनं शंभर मीटर आणि वाऱ्याविरुद्ध शंभर मीटर जा. वेगाच्या मुठीवर ३ आणि ४ किमीच्या जागी रंगाचा ठिपका द्या, दोन्ही दिशांना वेगळ्या रंगाचा. मग गळ. ओठवाला खोटा मासा २५-३० मीटर मागं सोडला की या वेगाला दोन ते चार मीटर खाली जातो. रॉडचं टोक सारखं थरथरतंय म्हणजे तो पोहतोय. थरथर थांबली तर गवत अडकलंय, गुंडाळून साफ करा, नुसतं ओढत फिरू नका. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात, तेव्हा मोबाइलवर खुणा करून ठेवा. १५२२ फुटांवर पाणी, म्हणजे नाथसागर पूर्ण भरलेला असताना त्याच भिंतींच्या कडेला शिवडा असतो आणि तिथंच गळही अडकतो.

तंगूस
आणि अडकला तर मोटर जोरात मागं घेऊ नका, दोर पंख्यात येतो. मोटर बंद, हातानं दोर ओढत होडी त्याच्यावर न्यायची, मग उलट्या बाजूनं झटका.

पैठणी_गळ
हे लिहून घेतलं. पिन किती सांगितल्या होत्या, दोन ना?

अँपिअर_भौ
दोन. माजलगावला जाणार असाल तर चार.